तबकडी उचलणारे हात

बीथोव्हनची पाचवी सिंफनी बर्लिन फिलहार्मोनिकनं आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली १९१३च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ती आठ बाजूंवर वाटून द्यावी लागली. एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून जास्त संगीत मावतच नव्हतं. म्हणजे दिवाणखान्यात बसून ही सिंफनी ऐकणाऱ्याला मध्ये सात वेळा उठावं लागे. सुई बसवलेला साउंडबॉक्स उचलायचा, ब्रेक लावून थाळी थांबवायची, तबकडी दोन्ही तळव्यांत कडेनं धरून खुंटीतून सरळ वर काढायची, तिच्या जागी पुढची बाजू लावायची, पोलादी पिन बदलायची, किल्ली फिरवून स्प्रिंग भरायची, थाळी सोडायची आणि सुई पहिल्या आट्यावर टेकवायची. एवढं होईपर्यंत मधल्या भागाची लय कानातून निघून गेलेली असायची.

या कामांतल्या एकाच कामाविषयी मला लिहायचं आहे. वाजून झालेली तबकडी थाळीवरून उचलणं. विजेची मोटर आल्यावर किल्ली गेली, टिकाऊ सुई आल्यावर पिन बदलणं गेलं, ब्रेक तर लवकरच आपोआप लागू लागला. उचलण्याच्या कामानं मात्र जगभरच्या कारागिरांना आणि इंजिनिअरांना अर्धं शतक झुंजवलं. तबकडी थाळीवर ठेवणारी यंत्रं पुढे कोट्यवधी घरांत गेली. ती परत उचलणारी यंत्रं फार थोडी झाली, आणि जी झाली त्यांतली बरीचशी हॉटेलांत आणि बारमध्ये उभी राहिली. असं का झालं, हे ज्याला कळेल त्याला ग्रामोफोनच्या यंत्राचं अर्धं मर्म कळलं, असं मला वाटतं.

आपल्याकडे हा प्रश्न तितका टोचला नाही, आणि त्याचं कारण आपल्या संगीतात आहे. युरोपात आधीच लिहून ठेवलेली पाऊणतासाची रचना तबकडीत बसवायची होती, म्हणून ती कापावी लागली. इथं गवयानं रागच तीन-सव्वातीन मिनिटांत उभा केला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या ऐका. दोन सुरांत राग समोर येतो, बंदिशीचा मुखडा येतो, चार ताना, आणि बाजू संपते तेव्हा काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. प्रत्येक बाजू स्वतःत पुरी. ती संपल्यावर उठून तबकडी बदलणं म्हणजे मैफलीतली दोन चिजांमधली उसंत. त्यामुळे आपोआप तबकडी बदलणाऱ्या यंत्राची ओढ इथं फारशी नव्हती, आणि जिथं खरी गरज होती तिथं माणूस होता. गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या मंडपात, तंबूतल्या सिनेमाचा खेळ सुरू होण्याआधी, लाउडस्पीकरवाल्याचा एक पोऱ्या मशीनपाशी बसलेला असे. दर तीन मिनिटांनी तो तबकडी उचले आणि दुसरी लावी. दिवसभरात शंभरावर वेळा हे करायचं, आणि तबकडी लाखेची, हातातून निसटली की तुकडे. या पोऱ्यांची नावं कुठं नोंदलेली नाहीत, पण दोन गाण्यांमधला त्यांचा तो पटकन उरकणारा हात अनेक गावांनी पाहिलेला आहे.

लाखेचा उल्लेख आलाच आहे तर तो थोडा पुढं नेतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत बारीक दगडी भुकटी असायची, आणि तिला बांधून ठेवणारी लाख बहुतांशी आपल्या छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून जगभर जायची. ही तबकडी कठीण, जड आणि ठिसूळ. सुईचा दाब ती सहन करी, पण वाकणं तिला माहीत नव्हतं. तिच्या तोंडावर बोट लावायचं नाही, कारण आटे तिथं असतात. मग धरायला दोनच जागा उरतात, बाहेरची कड आणि मधलं भोक. भोकात खुंटी घुसलेली असते. कड थाळीला टेकलेली असते, आणि थाळी तबकडीएवढी असेल तर कडेखाली नख घालायलाही फट राहत नाही. शिवाय सुई धरणारा आर्म आधी बाजूला झालेला हवा, आणि तबकडी खुंटीतून अगदी सरळ वर यायला हवी. किंचित तिरकी झाली की भोक खुंटीला अडकतं, जोर केला की कपचा उडतो. ठेवताना ही अडचण नसते, कारण तिथं वजन मदतीला असतं. भोक खुंटीवर आलं की तबकडी आपणहून खाली येते. उचलताना तेच वजन विरोधात जातं. माणसाच्या बोटांना हे सगळं न सांगता समजतं. यंत्राला त्यातली एकेक गोष्ट लोखंडात घडवून द्यावी लागते.

पहिलं मोठं उत्तर शिकागोत जॉन गेबल यांनी १९०६ साली दिलं. त्यांच्या ‘ऑटोमॅटिक एंटरटेनर’ या उंच लाकडी कपाटात दहा इंची चोवीस तबकड्या असत आणि वर मोठा कर्णा. नाणं टाकायचं, गाणं निवडायचं आणि दांडा फिरवायचा. त्या फिरवण्यात स्प्रिंग भरली जाई, जुनी तबकडी जागेवर परत जाई, नवी थाळीवर येई आणि पिनसुद्धा बदलली जाई. विजेचा एक धागा नाही, सगळं तरफांवर आणि दातेरी चाकांवर. गेबल यांचं यंत्र घरासाठी नव्हतं, म्हणून त्यांना एक सोय होती. जागा, वजन आणि किंमत यांचा विचार करायची गरज नव्हती. प्रत्येक तबकडीला स्वतःचं घर देता येत होतं.

दिवाणखान्यात मावेल असं यंत्र करायला वीस वर्षं गेली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, होबार्ट गावात, एरिक वॉटरवर्थ आणि त्यांचे वडील १९२५च्या सुमारास या नादाला लागले. त्यांनी पेटंट घेतलं आणि सिडनीच्या होम रिक्रिएशन्स या कंपनीला हक्क दिले. १९२७च्या सिडनीतल्या ईस्टर जत्रेत ‘सॅलोनोला’ या नावानं ते यंत्र लोकांनी पाहिलं, पण कंपनी बुडाली. मग बापलेक यंत्र घेऊन लंडनला गेले आणि तिथल्या एका ग्रामोफोन कंपनीला ते विकलं. एरिकनी हातानं बांधलेल्या नमुन्यांतला एक आज सिडनीच्या संग्रहालयात आहे आणि एक त्यांच्याच गावात, होबार्टला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच माणसानं टास्मानियात तोफांच्या आणि दुर्बिणींच्या काचा घडवण्याचं काम उभं केलं. तबकडी न दुखावता हाताळायला शिकलेल्या हातांना लोलक घासायचं काम जमलं, यात मला नवल वाटत नाही.

त्याच १९२७ साली अमेरिकेत व्हिक्टर कंपनीनं आपलं ‘ऑटोमॅटिक ऑर्थोफोनिक’ बाजारात आणलं, आणि घरासाठी खऱ्या अर्थानं विकला गेलेला पहिला चेंजर, म्हणजे आपोआप तबकडी बदलणारं यंत्र, म्हणून त्याचं नाव घेतात. श्रीमंतांनाच परवडावं असं ते कपाट होतं, आणि त्यात एका वेळी बारा तबकड्या रचता येत. त्याची उचलण्याची रीत मला फार आवडते. थाळी तबकडीहून लहान ठेवली होती, म्हणजे तबकडीची कड सगळीकडून बाहेर राहायची. थाळीभोवती धातूचं एक कडं. बाजू वाजून झाली की हे कडं खालून वर येई, तबकडीला कडेनं टेकू देऊन खुंटीतून सोडवी आणि तिरपं होई. तबकडी घसरत शेजारच्या मऊ अस्तराच्या कप्प्यात जाई. गोल वस्तू गोल आधारानं सगळीकडून सारखी उचलायची, ही कल्पना अगदी बरोबर होती. चूक पुढच्या पायरीत होती. कप्प्यात आधीच पाच-सहा तबकड्या पडलेल्या असल्या की येणारी प्रत्येक तबकडी त्यांच्यावर घासत जाई. अस्तर पहिलीलाच मिळायचं.

मग इंडियानातल्या केपहार्ट कंपनीनं सगळ्यांवर ताण केली. व्हिक्टरचं यंत्र एकच बाजू वाजवून तबकडी बाहेर टाकी, आणि सिंफनी तर दोन्ही बाजूंवर असायची. केपहार्टच्या यंत्रानं तबकडी उचलायची, तिरपी करायची, उलटी करायची, पुन्हा खुंटीवर आणायची आणि दुसरी बाजूही वाजली की मगच साठ्यात सोडायची, असा विडा उचलला. वीस तबकड्या, दोन्ही बाजू, हात न लावता कित्येक तास संगीत. १९३०च्या दशकात हे अमेरिकेतलं सर्वांत ऐटदार ग्रामोफोन कपाट होतं. त्याच्या हालचाली आज चालू स्थितीतल्या यंत्रावर पाहायला मिळाल्या तर बघणारा थक्क होतो. पण लाखेची जड तबकडी धातूच्या मार्गावरून घसरवायची, कडेवर उभी करायची आणि परत पाडायची, हे दर काही मिनिटांनी वीस वेळा करायचं, तर घड्याळासारखी जुळणी रोज राखावी लागते. ती थोडी चुकली की बाराइंची तबकडी फुटलीच. हे यंत्र सुंदर होतं, आणि त्यानं तबकडीवर जबरदस्ती केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गोष्टीतलं सर्वांत मोठं वळण याच कंपनीच्या संस्थापकाशी येतं. होमर केपहार्ट हा मुळात विक्रीतला माणूस. स्वतःची कंपनी हातची गेल्यावर १९३३ साली तो न्यूयॉर्क राज्यातल्या वुर्लिट्झर कंपनीत गेला, आणि जाताना ‘सिम्प्लेक्स’ नावाच्या एका तबकडी-यंत्राचे हक्क घेऊन गेला. पुढे तो इंडियानाचा सिनेटरही झाला, १९४५ ते १९६३. आपल्या नावाच्या यंत्रात तबकडी उचलण्यासाठी इतका खटाटोप केलेल्या माणसानं वुर्लिट्झरला जे यंत्र दिलं, त्यात तबकडी पकडून उचलणारं काहीच नव्हतं.

सिम्प्लेक्समध्ये प्रत्येक तबकडी स्वतःच्या पातळ कड्यात बसलेली असते. मधे मोकळं, कडेनं आधार. एकाखाली एक अशी चोवीस कडी एका उभ्या दांड्यावर. गाणं निवडलं की त्या गाण्याचं कडं बाजूला झुलत बाहेर येतं आणि थाळीच्या बरोबर वर थांबतं. आता थाळीच खालून वर चढते. ती कड्याच्या पोकळीतून जाते, तबकडीला पोटाशी घेते आणि वर सुईपाशी पोहोचवते. गाणं झालं की थाळी खाली उतरते, तबकडी आपसूक कड्यात बसते, कडं परत जागेवर जातं. चिमटा नाही, घसरण नाही, पडणं नाही. तबकडीनं हलायचं कमी आणि थाळीनं जास्त, एवढी अदलाबदल केली आणि लाख फुटायची थांबली. १९४६ साली आलेला वुर्लिट्झरचा १०१५ हा रंगीत नळ्यांतून बुडबुडे खेळवणारा जूकबॉक्स याच यंत्रावर चालायचा. त्याची रचना पॉल फुलर यांची, आणि अशी छप्पन हजारांहून जास्त यंत्रं विकली गेली. काचेमागं थाळी वर येताना दिसावी म्हणूनच ते कपाट तसं घडवलं होतं. लोक गाण्यासाठी नाणं टाकत, आणि उभे राहून यंत्र बघत.

त्यात एक उणीव होती, तबकडीची एकच बाजू वाजायची. शिकागोच्या सीबर्ग कंपनीनं १९४८च्या अखेरीस ती भरून काढली. पन्नास तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या मांडल्या, समोर रुळावर चालणारी गाडी ठेवली. गाडी हव्या त्या तबकडीसमोर थांबे, तबकडी ओढून घेई, मधोमध आवळे आणि उभीच वाजवी, डावी बाजू किंवा उजवी. उलटं करण्याचा प्रश्नच संपला. शंभर गाणी. केपहार्टच्या यंत्राला जी उलटापालट करताना घाम फुटायचा ती इथं करावीच लागली नाही, कारण आडव्याचं उभं केलं. १९५५ साली याच कंपनीनं दोनशे गाण्यांच्या यंत्रात लोकांनी निवडलेली गाणी चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत साठवायला सुरुवात केली. हे तंत्र तेव्हा मोठ्या गणकयंत्रांत वापरलं जाऊ लागलं होतं.

मुंबईत जूकबॉक्स पोहोचला तो इराण्यांच्या हॉटेलांतून आणि कुलाबा-वांद्र्याच्या कॅफेंतून. चार आण्यांचं नाणं, हिंदी सिनेमाची गाणी, आणि त्याच यादीत क्लिफ रिचर्ड. कुलाब्याच्या मोंडेगार कॅफेची ओळख मारिओ मिरांडांच्या भिंतीवरच्या चित्रांइतकीच तिथल्या जूकबॉक्सनं झालेली आहे. ज्या शहरात घरी रेडिओसुद्धा शेजाऱ्यांचा ऐकायचा अशी हजारो घरं होती, तिथं तबकडी आपोआप उचलून परत ठेवणारं यंत्र चहाच्या कपासोबत कुणालाही बघायला मिळत होतं. मला ही मोठी गोष्ट वाटते.

आता घरातल्या यंत्राकडे. १९३०च्या दशकातच एक गोष्ट कारखानदारांच्या लक्षात आली होती. तबकडी उचलून परत ठेवणारं यंत्र करायचं तर कपाट मोठं होतं, किंमत वाढते आणि बिघाडही वाढतो. मग उचलूच नये. तबकड्यांची थप्पी खुंटीच्या वरच्या टोकाशी धरून ठेवायची आणि एकेक खाली पाडायची. वाजून झालेली तिथंच राहील, पुढची तिच्यावर पडेल. थाळीवर थप्पी वाढत जाईल आणि शेवटी माणूस उठून सगळी एकदम काढेल. पाच-सहा वेळा उठायचं ते एकदा. घरगुती चेंजरचा इतिहास इथं ठरला. इंग्लंडात स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीनं आणि नंतर बर्मिंगहॅमजवळच्या बीएसआरनं असे चेंजर केले, आणि बीएसआरचे कारखाने तर १९७७च्या सुमारास आठवड्याला अडीच लाखांवर यंत्रं काढत होते. रेडिओग्राम नावाचं जे लांबलचक सागवानी कपाट आपल्याकडे सुखवस्तू घरांत हॉलच्या भिंतीला लागून असायचं, त्याचं झाकण उघडलं की अनेकदा आत असाच चेंजर निघे.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका दुरुस्तीच्या टपरीत मी असा एक चेंजर पोटाकडून पाहिला. यंत्र लाकडी चौकटीवर उलटं टांगलेलं होतं. दुरुस्ती करणाऱ्या चाचांनी थाळी हातानं हळूहळू फिरवली आणि मला एकाच जागी बघत राहायला सांगितलं. थाळीच्या आसाशी एक बारीक दातेरी चाक असतं. त्याच्या शेजारी तळहाताहून मोठं दुसरं चाक, सगळ्या हालचाली त्याच्या खोबणींत कोरलेल्या. या मोठ्या चाकाचे काही दात मुद्दाम काढून टाकलेले असतात. गाणं चालू असताना ती बिनदातांची जागा छोट्या चाकासमोर असते, म्हणून थाळी मोकळी फिरते आणि मोठं चाक झोपलेलं राहतं.

त्याला उठवतं कोण, हे खरं बघण्यासारखं. मोठ्या चाकावर नखाएवढा एक पत्रा अगदी सैल बसवलेला असतो. आर्म आत सरकत जातो तसा तो या पत्र्याला हळूच थाळीच्या आसाकडे ढकलतो. आसावर एक टोक आहे. ते दर फेरीला येतं आणि पत्र्याला परत मागं सारतं. गाण्याच्या आट्यांत आर्म एका फेरीत केसभरच सरकतो, त्यामुळे पत्रा पुढं येतो आणि ढकलला जातो, पुढं येतो आणि ढकलला जातो. गाणं संपलं की शेवटचा आटा झपकन आत वळतो. आर्म एका फेरीत बरंच अंतर कापतो, पत्रा इतका पुढं येतो की आता ते टोक त्याला मागं सारू शकत नाही, उलट त्यालाच धरून ओढतं. त्या ओढीनं मोठं चाक किंचित फिरतं, त्याचे दात छोट्या चाकात अडकतात, आणि मग थाळीच्या जोरानं ते एक पूर्ण फेरी मारतं. तेवढ्या फेरीत आर्म वर उठतो, बाहेर जातो, वरची तबकडी पडते, आर्म आत येतो आणि सुई टेकते. बिनदातांची जागा पुन्हा समोर आली की मोठं चाक थांबतं.

चाचा ते पुन्हा पुन्हा करून दाखवत होते, आणि त्यांच्या बोटानं थाळी फिरवण्याचा वेग बदलला तरी पत्र्याला फरक पडत नव्हता. कारण यंत्र सेकंद मोजत नाही, फेऱ्या मोजतं. ७८ असो की ३३, गाणं संपलं हे त्याला आर्मच्या चालीवरूनच समजतं. वीज नाही, डोळा नाही, कान नाही, आणि संगीत थांबलं हे बरोबर कळतं. माणसानं घरासाठी घडवलेल्या यंत्रांत यापेक्षा हुशार पत्रा मी पाहिलेला नाही. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे दुरुस्तीला येणाऱ्या चेंजरांत बहुतेक वेळा मोडलेलं काही नसतं. कारखान्यात लावलेलं ग्रीस वर्षांनुवर्षं सुकून गुळासारखं चिकट झालेलं असतं, आणि तो सैल पत्राच सैल राहत नाही. मग थाळीचं टोक त्याला मागं सारू शकत नाही आणि यंत्र गाण्याच्या मध्येच तबकडी बदलायला निघतं. पेट्रोलनं धुवायचं, पत्र्याला ग्रीस लावायचंच नाही, हा त्यांचा नियम.

तबकडी पाडण्याची जागा खुंटीत असते. वरती खुंटी जराशी वाकडी, तिथं एक पायरी. थप्पी त्या पायरीवर विसावलेली. वेळ झाली की खुंटीतली चपटी जीभ सर्वांत खालच्या तबकडीला भोकाच्या कडेनं बाजूला रेटते. एका तबकडीच्या जाडीइतकंच. ती पायरीवरून सुटते आणि खाली येते, वरच्या अडून राहतात. तबकडी पडताना वाटेत एका बारीक काडीला स्पर्श करते, आणि त्यावरून यंत्राला ती सात इंची, दहा इंची की बारा इंची हे समजतं. सुई कुठं टेकवायची ते त्यावर ठरतं. वरून थप्पी दाबून धरणारा दांडा शेवटची तबकडी पडली की खाली येतो, आणि पुढच्या वेळी यंत्र स्वतःला बंद करतं.

उचलणं टाळलं खरं, पण त्याची किंमत तबकड्यांनीच दिली आणि नंतर तबकड्या बनवणाऱ्यांनीही. अनेक तबकड्यांच्या संचांत बाजूंचे क्रमांक बदलावे लागले. पाच तबकड्यांचा संच असेल तर एकीच्या पाठीला १० क्रमांकाची बाजू, दुसरीच्या पाठीला ९, तिसरीच्या ८. पाच बाजू ओळीनं वाजल्या की सगळी थप्पी एकदम उचलून तशीच पालथी करून खुंटीवर ठेवायची, मग ६ पासून १० ओळीनं येतात. हातानं लावणाऱ्यासाठी वेगळा संच, चेंजरवाल्यासाठी वेगळा. लाँग प्लेच्या काळातही ही सवय टिकली. १९७०च्या ‘वुडस्टॉक’च्या तीन तबकड्यांच्या संचात पहिल्या बाजूच्या पाठीला सहावी आहे. जिमी हेंड्रिक्सचा ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ ब्रिटनमध्ये प्रथम कॉम्पॅक्ट डिस्कवर आला, तेव्हा कुणीतरी तबकड्या जशा होत्या तशाच उचलल्या आणि पहिली व चौथी बाजू एका डिस्कवर जाऊन बसली. चेंजर अडगळीत गेल्यावरही त्याच्या थप्पीचा क्रम गाण्यांमागं लागला होता.

शिवाय तबकडीवर तबकडी पडते, धूळ मधे चेपते, आणि फिरणाऱ्या थप्पीवर नवी तबकडी टेकताना थोडी घसरतेच. १९४९ साली आरसीएनं ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली तेव्हा मधलं भोक दीड इंचाचं केलं, म्हणजे पाडण्याचं सगळं यंत्र जाड खुंटीच्या पोटात मावेल, आणि लेबलचा भाग उंच ठेवला, म्हणजे आट्यांना आटे लागणार नाहीत. यंत्राच्या सोयीसाठी तबकडीलाच नवं अंग दिलं गेलं. पुढे लाँग प्लेच्या कडाही किंचित उंच आल्या. तरी एक गोष्ट सुटत नव्हती. थप्पी वाढली की सुई तबकडीला ज्या कोनात टेकते तो बदलतो. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ड्युअल कंपनीनं त्यासाठी १२१९ या यंत्रात आर्मचा सगळा पाया वर-खाली करणारा खटका दिला, एकच तबकडी असेल तर खाली, थप्पी असेल तर वर. इतकी मेहनत, आणि ती सगळी वाजलेली तबकडी थाळीवरून बाजूला न केल्यामुळे निघालेल्या अडचणींवर.

स्वित्झर्लंडमध्ये थोरेन्स कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही गोष्ट उघडपणे मान्य केली, असं मला त्यांचं टीडी २२४ पाहताना वाटतं. या यंत्रात थप्पी थाळीच्या शेजारी असते. एक हात त्या थप्पीतून तबकडी उचलतो, थाळीवर आणून ठेवतो, ती एकटीच वाजते, आणि झाली की हाच हात तिला उचलून बाजूला नेतो. पडणं नाही, थप्पीवर वाजणं नाही. घरातल्या यंत्रानं तबकडी नीट उचलावी हे मागणं इथं पुरं झालं. पण टीडी २२४ जड होतं, लांब होतं, महाग होतं. बाजारात त्याच वेळी बीएसआरचा चेंजर त्याच्या किमतीच्या एका अंशात मिळत होता, आणि कॅसेट दारात येऊन उभी होती. फिलिप्सनं ती १९६३ साली आणली. एका बाजूला तीस-पंचेचाळीस मिनिटं वाजणाऱ्या वस्तूला चेंजरची काय गरज?

आज ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जतन करण्याचं सर्वांत मोठं काम अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हच्या ‘ग्रेट ७८’ प्रकल्पात झालं आहे. पेनसिल्व्हेनियात जॉर्ज ब्लड यांच्या कार्यशाळेत लाखो ध्वनिमुद्रणं संगणकावर उतरवली गेली. तिथल्या थाळीवर एकाच वेळी चार आर्म चालतात, चार वेगवेगळ्या जाडीच्या सुया घेऊन, कारण कुठल्या काळाच्या कुठल्या कंपनीच्या आट्याला कुठली सुई बसेल ते वाजवल्याशिवाय कळत नाही. वाजवण्याच्या बाजूला इतकी युक्ती लढवली आहे. तबकडी धुणं, थाळीवर ठेवणं आणि वाजल्यावर उचलणं मात्र तिथं माणूस करतो. मुंबईतले ध्वनिमुद्रिका-संग्राहकही, ज्यांनी १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधून हे धन राखलं आहे, हेच सांगतात. तबकड्यांची जाडी वेगवेगळी, भोकं घासून मोठी झालेली, काही वाकलेल्या, काहींना कडेपासून आत गेलेली केसासारखी चीर. चीर कुठल्या बाजूला आहे ते बघून तिच्या समोरच्या कडेला बोटं लावायची, दुसऱ्या हातानं लेबलपाशी आधार द्यायचा, आणि खुंटीतून सरळ वर काढायची.